ओटीतला नारळ

बोरिवली, इस्पितळातून
९ नोव्हेंबर २०२४

नाना,

नमस्कार. पत्र बघून हसशील, पण माझा फोन ह्यांच्या खिशात आहे आणि इथली सिस्टर कागद द्यायला तयार झाली. निधी संध्याकाळी मला बघायला येईल, तिच्या हाती देते. तुझी लेक आहे म्हणून सांगते, तिला हे वाचायला देऊ नकोस. लाजेची गोष्ट आहे.

ह्या भाऊबीजेला तुला ओवाळून उठताना मी मागे हात धरला, तेव्हा तू विचारलंस, "काय गो मालन, कंबर धरली?" मी हो म्हटलं. कंबर नव्हती. शौचाला बसलं की माझं अंग बाहेर यायचं. आतड्याचं शेवटचं टोक, मुठीएवढं. ते हाताने आत ढकलायचं, साडी नीट करायची आणि मालाडला क्षमाताईंच्या पोळी-भाजी केंद्रात जाऊन कणकेची परात उचलायची, असं चाललं होतं. किती वर्षं, ते विचारू नकोस. अशा गोष्टी बायका बायकांनासुद्धा सांगत नाहीत. मी बसून पोळ्या लाटायची सोडून उभ्याने लाटायला लागले, त्यावरून क्षमाताईंनी ओळखलं आणि मानगूट धरून मला इथे आणलं.

ऑपरेशन झालं, दुर्बिणीने. पोटाला चार भोकं पाडली आणि आत जाळी शिवली. खाली घसरणारं आतडं वर मणक्याशी धरून ठेवायला ती जाळी. डॉक्टर अस्मिता निधीहून थोडीच मोठी असेल, पण दम देते आपल्या आईसारखा. म्हणाली, "मावशी, जाळीवरून आतला पडदा शिवून घेतलाय, म्हणजे आतडी तिला चिकटणार नाहीत. बेंबीचं भोक मोठं होतं, ते आतून थर धरून शिवलंय. माझं काम झालं. पुढचं तुमचं." पुढचं म्हणजे दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, पाण्याची कळशीसुद्धा नाही. कुंथायचं नाही, इसबगोल घ्यायचं, बसताना पायाखाली पाट घ्यायचा. खोकला किंवा हसू आलं तर उशी पोटाशी दाबायची. आणि मिश्री बंद. मी विचारलं, "मिश्रीचा नि पोटाचा काय संबंध गं?" म्हणाली, "तंबाखूने जखम नीट भरत नाही मावशी, वरून बरी दिसते नि आतून उसवते. मग हर्निया." बेंबीशी फुगवटा दिसला, ताप आला, खालून रक्त गेलं किंवा घाण वास आला तर घरी बसून राहायचं नाही, सरळ इकडे यायचं. शेवटी म्हणाली, "आणि पोटाला मार लागता कामा नये." हे ती सगळ्यांनाच सांगत असणार. मी खाली बघितलं, आणि तिने माझं खाली बघणं बघितलं.

नाना, तुला तरी मी काय सांगू? तुम्ही दोघं कबड्डीच्या एका संघात होतात. हे चढाईला, तू डाव्या कोपऱ्यात. ह्यांच्या उलट्या लाथेला तूच पहिली शिट्टी मारायचास. त्या लाथेवर भाळून तू मला ह्यांच्या घरात दिलंस. मैदानावर त्या लाथेने समोरचा गडी बाद व्हायचा, घरात गडी मी. आता सगळी जोगेश्वरी ह्यांना चंदूसर म्हणते. पोरं सरावाला येतात तेव्हा आधी त्या पायाला हात लावून नमस्कार करतात. तो पाय मला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे.

मागे मी दोनदा तुझ्याकडे मुलुंडला आले, एकदा बरगडी धरून आणि एकदा ओठ शिवून. दोन्ही वेळा वहिनीने चहा दिला, चादर दिली आणि सकाळ झाली की माझी ओटी भरली. तांदूळ, खण, शेंडीचा नारळ. बहिणीला रिकामी पाठवायची नाही म्हणून भरून पाठवलीत, ह्यांच्याच दारात. मी काही बोलले नाही. तेव्हा माझ्या पोटात शिवलेलं काही नव्हतं.

ह्या वेळी लिहून मागते. मला दीड-दोन महिने तुझ्या हॉलमध्ये पडू दे. फेब्रुवारीत निधीचं लग्न आहे, घरात गडबड आहे, कळतं मला. त्यात नवरा मुलगा सुबोध, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला, म्हणजे ह्यांचं येणं-जाणं राहणारच. मी कोपऱ्यात पडेन, भाज्या निवडेन, तोंड उघडणार नाही. पोट धरेपर्यंत मला त्या पायापासून लांब ठेव, एवढंच. आई म्हणायची, "भैणीकडे रिकाम्या हातान जाव नये." ह्या वेळी तिचं ऐकू नकोस. रिकाम्या हाताने ये आणि मला घेऊन जा.

तुझी,
मालन


जोगेश्वरी
२० नोव्हेंबर २०२४

नाना,

आलास. वहिनी आली, टॅक्सी आली, मला वाटलं सुटले. हायवेवर लिंक रोडचा पूल आला तेव्हा मी पवईच्या वळणाची वाट बघत होते आणि टॅक्सी सरळ आमच्या गल्लीत शिरली. तू खिडकीबाहेर बघत होतास. मग वहिनीने पायाशी ठेवलेली पिशवी वर घेतली, तर तिच्यातून नारळाची शेंडी बाहेर आलेली. ती आधी दिसली असती तर मी इस्पितळाच्या दारातच फतकल मारून बसले असते.

चार भोकांच्या पोटावर तुम्ही ओटी भरलीत. वहिनीने हळद-कुंकू लावलं, वर म्हणाली, "आता बरी हो हां, आणि चंदूभावजींना सांभाळून घे." कुणी कुणाला सांभाळायचं, ते मी विचारलं नाही. तू आणि तुझा चंदू कोंबडी खात होतात, कुठल्या तरी जुन्या सामन्यातली शेवटची चढाई पुन्हा खेळत होतात. निघताना तू दारात चपला घातल्यास आणि म्हणालास, "चंदू, पोटाला हात लावू नको हां रे. डॉक्टरने सांगितलंय. बाकी तुमचं नवरा-बायकोचं तुम्ही बघा."

तो म्हणाला, "काय नाना, मी काय जनावर आहे?"

दोघंही हसलात. मी खाटेवर बसून ऐकत होते.

मागच्या पत्रात मी त्याला 'हे' लिहिलं होतं. आता 'तो' लिहिते. खटकलं तर खटकू दे.

तर नाना, तू ज्याला 'बाकी' म्हणालास ते काय असतं, ते ऐक. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून कानशिलात. डावा कान अजून घुमतोय. क्षमाताई भेटायला आल्या म्हणून त्या गेल्यावर केस धरून डोकं चौकटीवर. कपाटाच्या दारात बोटं धरली आणि दार लोटलं, कारण विचारलं तर म्हणाला, "आठवत नाही." मी ओरडायला तोंड उघडते, ओरडलं की पोट ताणतं, मग ओरडणं गिळते. ते बघून त्याला गंमत वाटते. आता तर मारायच्या आधी खाटेवरची उशी माझ्या अंगावर फेकतो. "धर पोटाशी. नानाला शब्द दिलाय मी." मी उशी धरते आणि तो तोंडावर मारतो.

शब्दाचा पक्का आहे हो तुझा मित्र. पोटाला हात लावलेला नाही.

माझ्या वाटणीचं काम मी करते आहे. इसबगोल घेते, पाट घेते, मिश्री सोडली. मिश्रीवाचून सकाळी डोकं फुटायची वेळ येते, एरवी फोडायला तो आहेच. आंघोळीच्या वेळी बेंबीवर हात ठेवून हळूच खोकून बघते, फुगवटा येतो का. अजून नाही आला. त्या पोरीने आत जे शिवलंय ते मी जपते आहे, लेकराला जपावं तसं. लेकरू नाही झालं म्हणून ह्या घराने मला इतकी वर्षं खाल्लं, आता जपायला हे एक मिळालं आहे.

तू कोपऱ्यातला खेळाडू. पकड करणं तुझं काम. आयुष्यभर परक्या गड्यांचे पाय धरून त्यांना आडवं केलंस. ह्या एका पायाची पकड तुला कधीच का जमली नाही रे?

अजून वेळ गेलेली नाही. येऊन घेऊन जा.

मालन


बोरिवली, इस्पितळातून
२ डिसेंबर २०२४

नाना,

बसता येत नाही, आडवी पडून लिहिते, अक्षर लावून घे.

गेल्या आठवड्यात घाटकोपरला त्याच्या क्रीडा मंडळाचा सामना गेला. हरून आला तो. पाण्याचं पिंप दारातून मोरीत न्यायला सांगितलं. मी म्हटलं, "वजन नको सांगितलंय." तो म्हणाला, "तुझा नवरा डॉक्टर आहे की मी?" आणि पाठ फिरवली. मला वाटलं, चला, ह्या वेळी नुसत्या शिवीवर भागलं. पाठ फिरवली की काय येतं ते मला कळायला हवं होतं, मी का तुमचे सामने पाहिले नाहीत? उलटी लाथ. बरोबर बेंबीवर.

आत काहीतरी फाटल्याचं मला ऐकू आलं. कुणी म्हणेल ऐकू कसं येईल. मला आलं. थोड्या वेळाने बेंबीशी लिंबाएवढं टेंगूळ आलं, मग ते दगडासारखं कडक झालं आणि उलट्या सुरू झाल्या. तो टीव्ही बघत होता. "नाटकं करू नको," म्हणाला. मी भिंतीला धरून जिना उतरले आणि खालच्या वाण्याच्या फोनवरून क्षमाताईंना बोलावलं. बेंबीचे आतले टाके सुटले होते आणि त्या फटीत आतडं अडकून निळं पडलं होतं. अजून उशीर झाला असता तर तेवढा तुकडा कापून टाकावा लागला असता, असं डॉक्टर अस्मिता म्हणाली. जाळी तपासली. "जाळी जागेवर आहे, मावशी. तुम्ही सांभाळलीत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मला लाज वाटली.

आता तुझ्याबद्दल. मी स्ट्रेचरवर होते, डोळे मिटलेले, कान उघडे. क्षमाताईंनी तुला बोलावलं, तू धावत आलास, तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. मग डॉक्टरने विचारलं, काय झालं, आणि तू म्हणालास, "बाथरूममध्ये पडली." तिने माझ्या पोटावरची चादर बाजूला केली. तुला म्हणाली, "बाथरूमला टाच असते का हो, काका?" टाचेचा काळानिळा ठसा तूही बघितलास, मान वळवायच्या आधी बघितलास.

पोलीस आला तेव्हा तू माझ्या उशाशी वाकलास. हात जोडलेस. मोठा भाऊ, माझ्यासमोर हात जोडलेस. "निधीचं लग्न होऊ दे गो. चंदूचं नाव चौकीत गेलं तर सुबोधच्या घरचे मोडतील. लग्न होऊ दे, मग तुका काय करूचा ता कर. मी तुका मुलुंडला नेतंय, आईची शपथ." मालवणी बोललास. आई गेल्यापासून तू माझ्याशी मालवणी बोलला नव्हतास.

मी पोलिसाला सांगितलं, पडले.

माझा राग तुला माहीत आहे, हे सांगताना माझे दात कसे आवळले असतील तेही माहीत आहे. तो खोटेपणा मी तुझ्यासाठी केला. आता पहिल्यापासून सगळं पुन्हा, पोटाला पट्टा, दीड-दोन महिने. शनिवारी सोडणार आहेत. आईची शपथ घेतली आहेस.

मालन


मालाड
२३ डिसेंबर २०२४

नाना,

काहीजण म्हणतात मी त्याचा जीव घेणार होते. तू चारचौघांत सांगतोस की मालनचं डोकं फिरलं. काय झालं ते तुला तरी नीट कळायला हवं, कारण नारळ तुझ्या घरचा होता.

शपथ पाळलीस, ती टिकली थोडेच दिवस. मी तुझ्या हॉलमध्ये पडले होते, निधी मला पाट सरकवून द्यायची, इसबगोल कालवून द्यायची. पोट धरायला लागलं होतं. मग सुबोधची माणसं बस्त्याची बोलणी करायला येणार म्हणून कळलं आणि तुझा चेहरा उतरला. चंदूसर पाहुण्यांत बसणार आणि त्यांची बायको मेहुण्याच्या हॉलमध्ये पट्टा बांधून पडलेली, हे कसं दिसेल? वहिनी रात्री कुजबुजली, मला ऐकू आलं. डावा कान गेला आहे, उजवा शाबूत आहे.

सकाळी पाट मांडला. तांदूळ, खण, नारळ. मी तुझ्याकडे बघत होते. तू पेपर उघडलास. वहिनीने वाटेत सांडू नये म्हणून खणात नारळ-तांदळाचं गाठोडं बांधून माझ्या पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली. फार घट्ट मारली, तिचं मन त्या वेळी तिलाच खात असणार. टॅक्सीतून तू मला जिन्यापर्यंत सोडलंस. वर आला नाहीस. "जा गो, होईल सगळं नीट," म्हणालास.

वर गेले. तो दारातच उभा. मी आत गेल्यावर त्याने कडी लावली.

"आली महाराणी, ओटी भरून."

मी पदरातलं गाठोडं सावरलं.

"ह्या वेळी नानाने काय सांगितलं नाही हं मला. पोटाबिटाचं काय बोलला नाही."

नाना, हे वाक्य पुन्हा वाच. तू वर आला नाहीस, दारात चपला घालताना ते वाक्य टाकलं नाहीस, म्हणून त्याला मोकळीक मिळाली. म्हणजे तुझ्या एका वाक्यावर माझं पोट होतं. माझं स्वतःचं त्यावर काहीच नव्हतं. हे कळलं आणि माझ्या अंगातली भीती एकदम संपली. राग आला.

त्याने पाठ फिरवली. ह्या वेळी मला माहीत होतं. मी बाजूला झाले, पदर खांद्यावरून ओढला, मनगटाला गुंडाळला आणि टोकाचं गाठोडं फिरवून त्याच्या टेकलेल्या पायाच्या गुडघ्यावर हाणलं. एक पाय हवेत, दुसरा फुटला. तो आवाज तू ऐकायला हवा होतास. देवळात नारळ फोडतात तसा, ओला. तो आडवा पडला आणि माझ्याकडे बघायला लागला. कळतच नव्हतं त्याला, की हे घरात कसं झालं. मग त्याने माझा घोटा धरायला हात पुढे केला, जुनी सवय, पकड. मी दुसरा घाव त्या हातावर मारला. बोटं जमिनीवर पसरली. तिसरा त्या दुसऱ्या पायाच्या नडगीवर, ज्या पायाला पोरं नमस्कार करतात. तेव्हा तो आईला हाका मारत होता. मी त्याला म्हटलं, "उशी देऊ का?"

चौथा मी मारला नाही. दया आली म्हणून थांबले असं तुला वाटेल. दया आली नव्हती. पोटात ओढ बसली. ओढ बसली की थांबायचं, असं डॉक्टरने सांगितलं होतं, म्हणून थांबले. खण फाटला होता, तांदूळ सगळ्या लादीवर. त्यावर पाय न देता मी कडी काढली, खाली येऊन रिक्षा केली आणि क्षमाताईंकडे आले. त्यांच्या माळ्यावर आता माझा बिछाना आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला इस्पितळात नेलं. डॉक्टर अस्मिताने पोट दाबून बघितलं, खोकायला लावलं, मशीन फिरवून आत बघितलं. टाके धरून होते, जाळी जागेवर. मग तिने करड्या आवाजात विचारलं, "मावशी, खरं सांगा, काय उचललंत?"

"नारळ."

"नुसता नारळ?"

"शेंडीचा होता."

तिने माझा पट्टा पुन्हा बांधला. मग म्हणाली, "मी कळशी नको म्हटलं होतं. नारळाला हरकत नाही." आणि आम्ही दोघी हसलो. माझं हसू थांबेना, तेव्हा तिनेच खाटेवरची उशी उचलून माझ्या पोटाशी दाबून धरली. ती उशी त्या पोरीने धरली होती, नाना, आणि मी हसत होते. मग रडायला लागले, तरी तिने उशी सोडली नाही.

तिथून चौकीत गेले. सगळं सांगितलं. आधी खोटं बोलले तेही सांगितलं, नारळ मारला तेही सांगितलं. त्याने माझ्यावर उलट तक्रार केली आहे, माहीत आहे मला, होऊ दे. तुझं नाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तो माझा भाऊ. त्याला सगळं माहीत आहे. त्यालाच विचारा."

विचारायला आले होते ना? काय सांगितलंस?

मालन


मालाड
८ फेब्रुवारी २०२५

नाना,

तुझा निरोप क्षमाताईंकडे पोचला. तक्रार मागे घ्यायची, त्याच्या पाया पडायचं, नाहीतर लग्नाला यायचं नाही. पाया पड म्हणतोस, पण कुठल्या? एका गुडघ्यात पट्टी बसवली आहे, दुसऱ्या पायावर तो काठी घेऊन उभा राहतो असं ऐकते. चौकीत तू काय सांगितलंस ते कळलं. "मला काही माहीत नाही, नवरा-बायकोचं आहे." बरं. आईची शपथ घेतलेलं तोंड आहे ते, त्यात आता काही उरलं नसणार.

मी उत्तर देणार नव्हते. लग्नाला येणार नव्हते. पोट आता धरलं आहे. डॉक्टर म्हणाली, जाळी अंगात मुरली, बेंबी घट्ट झाली, पण जड उचलणं कायमचं जपून. मी केंद्रात बसून पोळ्या लाटते. बसून, नाना. किती वर्षांनी बसून लाटते. मिश्री सुटली ती सुटलीच. माझ्यापुरतं मी सगळं मिळवलं होतं आणि तुला विसरायच्या वाटेवर होते.

काल दुपारी निधी आली.

मला वाटलं आत्याला पत्रिका द्यायला चोरून आली असेल. हातात पत्रिका नव्हती. लंगडत होती. मी विचारलं, "काय गं, नवीन सँडल?" ती खाली बसली आणि सलवार वर केली. नडगीपासून वर, मांडीपर्यंत काळंनिळं. सुबोधने लग्नाचा हॉल बघायला नेलं होतं, सजावटीला रंग कुठला हवा ह्यावरून बोलाचाली झाली. मित्र उभे होते. तो म्हणाला, "थांब, तुला सरांची उलटी लाथ दाखवतो." पहिली गमतीत, मित्र हसले. ती हसली नाही, म्हणून दुसरी.

तिने घरी येऊन वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली, "लग्नानंतर निवळतात गं पुरुष." मग तुझ्याकडे आली. तू काय म्हणालास ते तिने मला तसंच्या तसं सांगितलं. "मी बोलतो त्याच्याशी. पायाला मारू नको म्हणून सांगतो, हळदीला नाचायचं असतं."

नाना, मी ते ऐकलं. तुला कळलं तरी का तू काय बोललास? तुला तेवढंच येतं. कुठे मारू नको ते सांगायचं आणि बाकी त्याच्यावर सोडायचं. मी बहीण होते, चालून गेलं. ही तुझ्या रक्ताची लेक. तिला पहिल्यांदा कडेवर घेऊन तू आमच्या जोगेश्वरीच्या गल्लीत पेढे वाटत फिरला होतास. कुणी तिला नख लावलं तर हात तोडीन, असं म्हणाला होतास. मी तिथेच उभी होते.

ती इथे आहे. माझ्या बिछान्यावर झोपली आहे, माझी उशी पोटाशी धरून. झोपेत पाय आखडून घेते. मी तसंच झोपत होते.

लग्न होणार नाही, हे तिने स्वतः सुबोधला फोन करून सांगितलं. मी नुसती शेजारी बसले होते. आता ती माणसं तुझ्या दारात येतील, मंडळवाले येतील, चंदू काठी टेकत येईल आणि सगळे मिळून तुला सांगतील, जा, पोरगी घेऊन ये, समजूत घाल. वहिनी पिशवी भरायला घेईल. तुझे पाय आपोआप मालाडकडे वळतील, तुला ती वाट पाठ आहे, आमच्या घरच्या बायका परत पाठवायची.

त्या दिवशीचा नारळ चौकीत जप्त आहे, शेंडीसकट. पण बाजार केंद्राच्या खालीच भरतो आणि हात माझा आता बरा चालतो. हे धमकी म्हणून वाच, हरकत नाही.

आणि दुसरंही वाच. मी अजून तुझी बहीण आहे, मेल्या. तू आलास तर दार लावणार नाही. चहा टाकेन, पोळी वाढेन. निधी बाहेर येईल, तिचा पाय बघ. ह्या वेळी मान वळवू नकोस, पूर्ण बघ. मग खाली माझ्याबरोबर चौकीत चल आणि जे माहीत आहे ते सांग. एवढी एक पकड कर.

रिकाम्या हाताने ये.

मालन